दादाच्या नावाचा रस्ता

परवा शेजारीण नांदेडहून आली आणि तिनं माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. "घ्या मॅडम, फौजदारबाबाचा प्रसाद. आमच्या ह्यांनी गाडी थांबवलीच. त्या रस्त्यानं जायचं अन् बाबाला नारळ फोडायचा न्हाई म्हंजे जिवाशी खेळ." बाई भली आहे. लातुरात आमच्या गल्लीत कुणाचं दुखलंखुपलं की पहिली तीच धावते. तिला मी काय बोलणार? खोबरं घेतलं, बरं म्हटलं, आणि ती गेल्यावर ते ओट्यावर ठेवून त्याच्याकडं बघत बसले. ज्याचा प्रसाद म्हणून ती देऊन गेली तो माझा सख्खा थोरला भाऊ. त्याला खोबरं आवडायचं नाही. दातात अडकतं म्हणायचा.

ही हकीकत मी आजवर सांगितलीच नाही असं नाही. सांगितली की ऐकणारा एक तर हसतो, नाहीतर हात जोडतो, आणि दोन्हीनं माझ्या अंगाची लाही होते. म्हणून आता एकदाची लिहून टाकते. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. ज्या नावापायी माझ्या बापानं उभा जन्म घालवला ते रस्त्यावर लागलं नाही, मग माझ्या कागदावर येऊन काय दिवे लावणार आहे?

आमचे आबा, म्हणजे वडील, रस्त्यावर मैलकुली होते. मैलकुली म्हणजे रस्त्याचा सालगडीच समजा. अहमदपूरहून नांदेडकडं जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या अंगावर होता. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, धुम्मसानं ठोकायचा, कडेच्या नाल्या उकरायच्या, मैलाच्या दगडांना चुना द्यायचा, पुलाच्या लोखंडी कठड्याला रंग मारायचा. ऊन असो की काही असो, त्या तुकड्यावर आबा एकटे चालत असायचे. गावात कुणी त्यांना नावानं हाक मारायचं नाही, मारली तर अरे-तुरेनं. रस्त्यावर मात्र सगळं त्यांच्या हुकमानं, असं माय चिडवायची.

छप्पन साली दीक्षा झाली तेव्हा मी मायच्या पोटात होते. आबांनी घरातले सगळे देव टोपलीत घालून नदीला सोडले. त्या दिवसापासून आमच्या घरात नारळ फुटला नाही की शेंदराचं बोट लागलं नाही. आबा तेव्हा बापई गडी, पण दिवेलागणीला पोरांच्या पंगतीत बसून बाराखडी शिकले. बोट ठेवून, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत वाचायचे. शाळेतली पोरं हसायची त्यांना, आणि मी त्या पोरांना मारायची.

दादा शिकला तो आबांच्या हट्टानं. फौजदाराच्या परीक्षेत पास झाला, वर्दी घालून घरी आला. माय त्याच्याकडं बघून रडली आणि लगेच म्हणाली, "टोपी काढ की. घरात कोण सलाम करून राहिलंय तुला?" तर असा आमचा फौजदार. त्याची एक खोड होती. कुणी नाव विचारलं की तो पूर्ण सांगायचा, स्वतःचं, आबांचं, आणि मग आडनाव, तेही दाबून. आमचं आडनाव आमच्या भागात उच्चारलं की समोरच्याला बाकी काही विचारायची गरज उरत नाही. पाण्याचा तांब्या कुठून द्यायचा ते त्याचं तो ठरवतो. आमच्यातले कितीतरी शिकलेले बदली झाली की गावाचं नाव लावून मोकळे व्हायचे. दादा म्हणायचा, "मी काय चोर हाय का नाव लपवाया?"

मग बहात्तरचा दुष्काळ आला. तो कसा होता हे आमच्या वयाच्या माणसाला विचारू नका, आणि आमच्याहून लहानांना सांगून पटत नाही. गावंच्या गावं खडी फोडायला रस्त्यावर आली. आबा ज्या रस्त्यावर जन्मभर एकटे, तिथं बाया, म्हातारे, लेकरं, सगळ्यांची रांग. कामावरच्या लोकांसाठी सरकारी धान्याचे ट्रक यायचे आणि त्यातले काही इथं न उतरता पुढं दुसऱ्याच जिल्ह्यात जाऊन विकले जायचे. हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून जिल्ह्याच्या शिवेवर एक नाका बसवला, आणि त्या नाक्यावर दादाची नेमणूक झाली.

शीव नेमकी आबांच्या रस्त्यावर. बाप कडेला मुरूम टाकतोय आणि लेक रस्त्याच्या मधोमध उभा राहून ट्रक अडवतोय, असं ते चाललं. दुपारी दोघं लिंबाखाली एका फडक्यातली भाकरी खायचे. आबांच्या आयुष्यात तेवढेच दिवस सुखाचे गेले असं मला वाटतं, आणि ते दिवस दुष्काळाचे होते. हे लोकांना सांगायलाही लाज वाटते.

एका भर दुपारी धान्याचा ट्रक आला. दादानं हात वर केला. ट्रक थांबला नाही. याच्यापुढचं मला सांगता येत नाही, आणि आबा हाकेच्या अंतरावर होते, त्यांनीही कधी सांगितलं नाही. कोर्टात ब्रेक निकामी झाले असं ठरलं आणि ड्रायव्हर सुटला. धान्य कुणाचं आणि निघालं कुठं होतं, हे कुणी विचारायच्या भानगडीत पडलं नाही.

दादाला उचलून नेल्यावर आबा तिथंच मागं राहिले. रस्त्यावर डाग होता. त्यांनी त्यावर घमेलंभर मुरूम टाकला. मारायला पाणी नव्हतं, तसाच धुम्मसानं ठोकला. त्यांना दुसरं काय येत होतं? रस्त्यावर काही झालं की ते बुजवायचं, हेच त्यांनी आयुष्यभर केलेलं. चार दिवसांनी वरून डांबराचा हात फिरवला आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आता जागाच ओळखू येणार नाही. आपल्याच हातानं आपण ती पुसून टाकली. घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "कुठं पडला ते हारवलं गं माझ्याकडनं."

दुसऱ्या दिवशी अंदाजानं कडेला त्यांनी एक दगड रोवला. आता मैलाचे दगड असतात चुन्याचे, पांढरे. हाही पांढरा ठेवला तर ओव्हरसियर येऊन, हा कुठला मैल रे, म्हणून उपटून टाकील. म्हणून आबांनी पुलाच्या कठड्याचा उरलेला लाल रंग घेतला आणि दगड रंगवला. रस्त्यावरच्या माणसाला लाल म्हणजे जपून, हळू, इथं काहीतरी आहे. त्याच्या डोक्यात दुसरं येतच नाही. देव नदीला सोडून जमाना झालेला. आपण रस्त्याच्या कडेला एक लाल दगड उभा करून चाललोय, हे बघून लोकांना काय वाटेल, हे त्या भाबड्या माणसाच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाला त्याच्या खात्याचे एक मोठे साहेब आले होते. मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली, खीर झाली. निघताना साहेब आबांना म्हणाले, "या रस्त्याच्या तुकड्याला तुमच्या मुलाचं नाव द्यायला हवं. मी वर लिहितो." मनापासूनच म्हणाले असतील. पुढं त्यांची बदली झाली आणि ते विसरून गेले. आबा विसरले नाहीत. त्यांनी ते वाक्य धरून ठेवलं, ते मरेपर्यंत.

त्यांना पुतळा नको होता, कमान नको होती. नाक्यापासून नाल्याच्या पुलापर्यंतचा तो तुकडा आणि त्यावर एक पाटी. पाटीवर दादाचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. तिन्ही पाहिजेत. एकदा मी म्हटलं, आबा, नुसतं फौजदार अमुक असं लिहिलं तरी चालेल की. ते म्हणाले, "न्हाई चालत. ज्या लोकांनी आपल्याला वरून पाणी वाढलं, त्यांनी येष्टीत बसून ते आडनाव वाचत जावं. रोज. जाताना बी अन् येताना बी." आबांना इतका राग असेल हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग दरखास्ती सुरू झाल्या. जिल्ह्याचं ठिकाण तेव्हा उस्मानाबाद. रजा काढायची, एसटीनं अर्धा दिवस खायचा, कचेरीच्या पायरीवर बसायचं. साहेब दौऱ्यावर असायचे. साहेब भेटले तर म्हणायचे, जागा शिवेवर आहे, आधी नांदेडवाल्यांना विचारा. नांदेडला गेलं की, ही हद्द आमची न्हाई, कशाला हैराण होता मामा. दुष्काळात नाक्यावर येणाऱ्या धान्याच्या ट्रकांसाठी दोन जिल्हे त्या जागेवर जीव खाऊन भांडले होते. माणूस मेल्यावर दोघांनीही हात झटकले.

तेवढ्यात लातूर जिल्हा झाला. काय तो गुलाल, काय त्या हलग्या. मी तोवर लातुरात शिक्षिका झाले होते, आबा निवृत्त होऊन मायला घेऊन माझ्याकडं राहायला आले. त्यांना वाटलं, आता आपला जिल्हा, चालत कचेरीत जाता येतं, आता काम होणार. नव्या कचेरीत खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. कारकून गोड बोलला. "मामा, जुनं सगळं जुन्या जिल्ह्यात राहिलं बघा. इथं नव्यानं सुरुवात करा." आबांनी नव्यानं सुरुवात केली. म्हाताऱ्या माणसाला नव्यानं सुरुवात करा म्हणणाऱ्याच्या कानाखाली एकदा तरी वाजवायला पाहिजे होती. मी सोबत होते, आणि मी त्याच कारकुनाला चहा आणून दिला होता.

इकडं दगडाचं आपलं चालूच होतं. पहिला नारळ कुणी फोडला कोण जाणे. असेल कुणी ट्रकवाला. ड्रायव्हर लोकांत बोलवा उठली की तिथं एक फौजदार उभा असतो, हात वर करतो, आणि जो थांबत नाही त्याची गाडी पुढच्या वळणावर उलटते. नाव त्यांना ठाऊक नव्हतं, कुणी विचारलंही नाही. फौजदारबाबा म्हणून मोकळे झाले. एसटीवाल्यांनीही हळूहळू तिथं थांबा करून टाकला. ज्यांच्यातल्या एकानं त्याला चिरडलं तेच आता गाड्या उभ्या करून त्याच्यापुढं उदबत्त्या लावत होते. जिवंतपणी त्याचं तेवढंच म्हणणं होतं की थांबा.

आबांना हे कळलं तेव्हा ते चुन्याचं डबडं घेऊन गेले आणि दगड पांढरा करून आले. पुढच्या वेळी गेले तर दगड पुन्हा लाल, आणि या खेपेला रंग नव्हता, तेलात कालवलेला खरा शेंदूर होता. पुन्हा चुना लावला, पुन्हा शेंदूर. तोवर तिथं एक चहाची टपरी उभी राहिली होती. आबा दमून टपरीवर बसले तर चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगत होता, "बाबाला चुना सोसत न्हाई. एका म्हाताऱ्यानं लावला तर जागच्या जागी वाचा गेली त्याची." आबा चहा न पिताच उठले. घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, मग बोलायचं ना काहीतरी, तोंड होतं ना तुम्हाला. ते म्हणाले, "काय बोलू पोरी? मला खरंच काही बोलता आलं न्हाई."

पुढं पावसानं पुन्हा पाठ फिरवली. नवा जिल्हा आणि जुनाच दुष्काळ. लातुरात आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो, आणि तिकडं गावोगावची माणसं बाबाला पाणी मागायला जात होती. दुष्काळात नाक्यावर मेलेल्या माणसाला म्हणायचे, बाबा, दुष्काळातून सोडव. मला तेव्हा शाळेत शिकवताना मध्येच हसू यायचं आणि ते थांबायचं नाही. पोरींना वाटायचं बाईंचं डोकं फिरलं.

त्याच सुमारास अहमदपूरचा एक शेठ यात पडला. डाळीची मिल, स्वतःचे ट्रक, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, महादेवाचा पक्का भक्त. त्याचा ट्रक म्हणे त्या वळणावर उलटता उलटता राहिला. त्यानं दगडावर पत्र्याचा मंडप घातला. वरपर्यंत त्याचं वजन. त्यानं मनावर घेतलं आणि आबांना इतक्या वर्षांत जे जमलं नाही ते बघता बघता करून आणलं. नाक्यापासून पुलापर्यंतच्या तुकड्याला नाव द्यायचं मंजूर झालं.

बाबाचा बाप जिवंत आहे असं कुणीतरी त्याला सांगितलं असावं. तो शोधत लातूरला आमच्या घरी आला आणि दारातच वाकून आबांच्या पाया पडला. आबा दचकून मागं सरले. त्यांच्या पायाला असा माणूस कधी शिवला नव्हता. शेठनं भिंतीवरची बुद्धाची तसबीर पाहिली, क्षणभर थांबला, आणि मग मी दिलेलं पाणी प्याला. तेवढं श्रेय त्याला द्यायला पाहिजे.

आबांनी विचारलं, "पाटीवर काय लिवणार?"

"फौजदारबाबा मार्ग."

"त्याला नाव होतं."

"असंल की. पण आता तो सगळ्यांचा झाला, आबा. देवाला आडनाव नसतंय."

"मेला तवा देव नव्हता तो," आबा म्हणाले. "ड्यूटीवर होता. माणूस होता. माणसाला असतंय आडनाव."

शेठ रागावला नाही. मान खाजवत बसला. मग म्हणाला, "खाली टाकू. बारीक अक्षरात, पण पूर्ण टाकू. मी सांगतो साहेबाला. पण त्या दिवशी तुम्ही पाहिजेत. पहिला नारळ तुमच्या हातानं फुटला पाहिजे, लोकांची लई इच्छा हाय." आबांनी एकदा तसबिरीकडं बघितलं आणि म्हणाले, "हाव. येतो."

शेठ जाईपर्यंत माय स्वयंपाकघरातच होती. तो पायरी उतरला आणि तिचा पट्टा सुरू झाला. "एवढे देव नदीला सोडले ते काय हा नवा करायसाठी? अन् तो बी पोटचा?" मीही तिच्याच बाजूनं. मी म्हटलं, आबा, दादाला काय वाटलं असतं? आबा म्हणाले, "वाटायला तो हाय कुठं? मेल्यावर काही ऱ्हात न्हाई, हेच शिकलो ना आपण? मग नाव तरी ऱ्हाऊ दे. एका नारळानं लागत असंल तर फोडतो मी नारळ. जन्मभर दगडं फोडली, माझं काय जातंय." काय जात होतं ते त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. माय त्या दिवशी जेवली नाही, आणि कार्यक्रमालाही आली नाही.

कार्यक्रमाला मी आणि आबा एसटीनं गेलो. आबांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. तिथं हलगी वाजत होती, धूळ उडू नये म्हणून टँकरनं रस्त्यावर पाणी मारलं होतं, आणि कडेला उभ्या बाया त्या पाण्याकडं बघत होत्या. मी दगड बऱ्याच वर्षांनी पाहिला. त्याला चांदीचे डोळे बसवले होते, काळ्या मिशा चिकटवल्या होत्या आणि डोक्यावर खाकी टोपी. दादा मिशी ठेवत नव्हता.

लोक आबांच्या पाया पडायला धावले. बाबाचा बाप, बाबाचा बाप. आमच्या गावची काही माणसं होती त्यात, आडनाव चांगलं ठाऊक असलेली, तीही वाकली. आबा त्यांच्याकडं न बघता पाटीकडं बघत होते. पाटीवर पिवळा कपडा टाकलेला होता. मग शेठनं त्यांच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. कुठं आपटायचा ते शेठनं दाखवलं. आबांनी एका घावात फोडला, खडी फोडणाऱ्याचाच हात तो. पाणी दगडावर उडालं, मिशांवरून खाली आलं. लोकांनी बाबाच्या नावानं चांगभलं केलं. मी आबांच्या तोंडाकडं बघितलं नाही, माझ्यानं बघवलं नाही.

कपडा ओढला. आबा पाटीजवळ गेले आणि बोट वर करून, एकेक अक्षर म्हणत, त्यांनी वाचलं. फौ, ज, दा, र. बा, बा. मार्ग. हात खाली आणला. खाली बारीक अक्षरं होती, कबूल केल्याप्रमाणे. ती त्यांनी आणखी सावकाश वाचली. ते शेठच्या मिलचं नाव होतं.

आबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मागं असंल." आणि पाटीच्या मागच्या बाजूला गेले. मीही गेले. मागं नुसता कोरा पत्रा होता, त्यावर अजून वेल्डिंगचे डाग. आबा त्या कोऱ्या पत्र्यासमोर उभे राहिले, जरा वाकून, जवळून बघितलं, हात फिरवला. पुढच्या बाजूला भाषण सुरू झालं होतं.

शेठला खरंच वाईट वाटलं. रंगारी विसरला असंल, म्हणाला, आठ दिवसांत टाकून घेतो. कार्यक्रमाला आलेले बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, मंजुरी तेवढ्याच अक्षरांची आहे, आता वाढवायचं तर परत वरून आणावं लागेल. शेठ त्यांच्याशी थोडं भांडलाही. मग त्याला कुणीतरी जेवणावळीकडं बोलावलं, आणि तो गेला. आम्हाला जेवायचा आग्रह खूप झाला. आबा म्हणाले, "न्हाई, आम्ही निघतो."

लातूरची गाडी आली. ड्रायव्हर उतरून आधी दगडाला हात जोडून आला, तोवर आम्ही चढलो. आबा खिडकीशी बसले, मी शेजारी. कंडक्टर तरुण होता, आवाज मोठा. तिकिटाची पेटी काखेत धरून तो आमच्यापाशी आला आणि म्हणाला, "कुठनं बसले, मामा?"

आबांनी दादाचं नाव सांगितलं. पूर्ण. मग स्वतःचं नाव, मग आडनाव, दाबून, दादा सांगायचा तसं. आसपासच्या सीटवरच्या दोघातिघांनी मान वळवली.

कंडक्टर जरा विचारात पडला. "असा थांबा न्हाई ह्या रस्त्याला," तो म्हणाला.

आबांनी पुन्हा तेच सांगितलं, तसंच, शांतपणे, तिन्ही.

"न्हाई हो मामा, सगळा रस्ता पाठ हाय मला. असं कुणी न्हाई हितं." मग तो माझ्याकडं वळला. "बाई, फौजदारबाबालाच बसले ना तुम्ही?"

त्यानं फौजदारबाबापासून लातूरपर्यंतची दोन तिकिटं फाडून माझ्या हातात दिली आणि घंटी मारली.